सेकंदाला दोन अंडी, तासाला एक गाडी

मूल रात्री दात खायला लागलं की आमच्या सोलापुरात आजी लगेच म्हणते, 'जंत झालेत!' पण जंतांचा पसारा केवढा? चला, मोजूया.

गोल जंताची एक मादी घ्या. वीतभर, फार तर दीड वीत. दिवसाला अंडी घालते दोन लाख! सेकंदाला दोनाहून जास्त. २०११च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं. तेवढी अंडी ही पाच दिवसांत उरकते. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचा अख्खा जिल्हा ४३ लाखांचा. त्याला बावीस दिवस! अंडं इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तरी तिची दिवसभराची अंडी ओळीनं मांडली तर बारा मीटर भरतात, वर्षाची चार किलोमीटरच्या वर. आणि पस्तीस माद्यांची वर्षाची रांग? थेट मुंबईहून पुण्याला!

हीच अंडी तिची चहाडी करतात. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा शौचाचा नमुना काचपट्टीवर पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची, २४नं गुणायचं, की ग्रॅमचा हिशेब हाती. ग्रॅमला पन्नास हजार भरली तर लागण भारी. म्हणजे त्या दोन दाण्यांत दोन हजारांवर अंडी!

अंकुशकृमी या दुसऱ्या जंताचं गणित करताना मात्र माझा हात थांबतो. त्याच्या एका जातीचा एकेक कृमी रोज तीन थेंब रक्त घालवतो. असे शंभर कृमी, तर रोज १५ मिलिलिटर. वीस किलोच्या पोराच्या अंगात रक्तच दीड लिटर. शंभर दिवसांत तेवढं गेलेलं! शरीर नवं रक्त भरत राहतं म्हणून पोर चालतं-फिरतं. पण फिकुटलेलं, वर्गात पेंगणारं.

आणि उतारा? अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून खायची. एक ते दोन वर्षांच्यांना अर्धी. १० फेब्रुवारी २०१५ला पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन झाला. शाळेत, अंगणवाडीत गोळी फुकट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं देशात १ ते १४ वयाची २४ कोटी मुलं जंतांच्या टप्प्यात येतात. त्यांना सोलापूर स्टेशनवर आणा. ७२ आसनांचे वीस डबे, दर तासाला एक गाडी, रात्रंदिवस. गाड्या लागतील एक लाख सदुसष्ट हजार. वर्षं लागतील एकोणीस! पहिल्या गाडीतलं दोन वर्षांचं बाळ शेवटची गाडी सुटेल तेव्हा एकवीस वर्षांचं झालेलं असेल!

एवढ्या मुलांना गोळी द्यायचं काम अंगणवाडीताई आणि गुरुजी एका दिवसात करायला निघतात. राहिलेल्यांना आठवड्याभरात गाठतात. पण मातीतली अंडी गोळीनं मरत नाहीत. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा, पहिल्या गाडीच्या पहिल्या डब्यापासून!