पाणी मुळशीचं, वीज मुंबईची

मित्रांनो, पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पुणे शहरावर बोट ठेवा आणि ते हळूहळू पश्चिमेकडे सरकवत न्या. आधी पौड लागेल, मग मुळशी आणि त्यापुढे ताम्हिणी घाट. या वाटेवर एक लांबलचक निळा जलाशय दिसतो ना? तेच मुळशीचं धरण. पावसाळ्यात तुमच्यापैकी कितीतरी जण तिकडे सहलीला गेले असतील. धुक्यात भिजला असाल, भाजलेली कणसं खाल्ली असतील.

पण त्या पाण्याखाली काय आहे, ठाऊक आहे? तिथे भाताची खाचरं आहेत. घरांची जोती, देवळांच्या जागा आणि माणसांच्या पायवाटा आहेत. एके काळी या खोऱ्यात आंबेमोहोर तांदूळ पिकायचा. भात शिजायला लागला की आंब्याच्या मोहोरासारखा वास घरभर दरवळायचा, म्हणून त्याचं नाव आंबेमोहोर.

हे खोरं पाण्याखाली कसं गेलं आणि त्याचा राजकारणाशी काय संबंध, ते आज पाहू. ‘राजकारण’ म्हटल्यावर लगेच पान उलटू नका हं! निवडणुका आणि भाषणं एवढंच काही राजकारण नसतं. एखाद्या गोष्टीचा फायदा कुणाला आणि तिची किंमत कुणी मोजायची, हे ठरवणं म्हणजेसुद्धा राजकारणच.

नदी उलटी फिरवली!

शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत कापडगिरण्या होत्या, ट्राम होत्या. या सगळ्यांना शक्ती लागे. कोळसा जाळायचा तर तो लांबून आणावा लागे आणि धूरही भरपूर होई. मग टाटांच्या कंपन्यांनी एक योजना आखली. सह्याद्रीवर बेसुमार पाऊस पडतो. तो धरणात अडवायचा, मोठ्या नळांतून कोकणात खाली सोडायचा आणि त्या पाण्याच्या जोरावर जनित्रं फिरवायची. अशा रीतीने १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला वीज तयार होऊ लागली.

तिसरी योजना मुळशीची. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं होतं. आता गंमत पाहा. मुळा नदी मुळात पूर्वेकडे वाहते. पुण्यात तिला मुठा मिळते, पुढे हे पाणी भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जातं. म्हणजे मुळशीचा पाऊस निघतो तो थेट बंगालच्या उपसागराकडे! धरणाने ही दिशाच बदलली. बोगद्यातून आणि नळांतून हे पाणी सुमारे ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे पडू लागलं. तिथे वीज तयार होते आणि ते पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं.

इंजिनीयरच्या नजरेने पाहिलं तर योजना अफलातूनच म्हणायची. पण धरण झालं की पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी बुडणार होत्या. दहा-अकरा हजार माणसांचं घर आणि शेत जाणार होतं. त्यांना कुणी विचारलं होतं का? छे! इंग्रज सरकारच्या हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सरकारने ‘सार्वजनिक कामासाठी’ असं म्हटलं की जमीन घेता येत असे, मालकाला ती द्यायची असो वा नसो.

‘जान किंवा जमीन’

१६ एप्रिल १९२१ हा रामनवमीचा दिवस होता. शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी काम थांबवलं. हाच तो मुळशी सत्याग्रह. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर मोठं संशोधन केलं. त्यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच या लढ्याला ‘जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन’ म्हटलं आहे. ‘जान किंवा जमीन’ ही सत्याग्रहींची घोषणा होती. लढ्यात बायकाही मागे नव्हत्या. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव लोकांना एकत्र आणलं. गांधीजींनी आपल्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकातून सत्याग्रहींच्या बाजूने लिहिलं. कंपनीला काही काळ काम थांबवावं लागलं.

या लढ्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव म्हणजे पांडुरंग महादेव बापट. त्यांचा जन्म १८८० साली पारनेरचा. म्हणजे तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. शिष्यवृत्ती मिळवून ते इंजिनीयर व्हायला एडिंबरोला गेले आणि क्रांतिकारक होऊन परतले. गावी आल्यावर हा शिकलेला माणूस हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचा! मुळशीच्या लढ्यामुळेच लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. पुण्यातला आणि मुंबईतला सेनापती बापट रस्ता तुम्हाला माहीत असेल. तो यांच्याच नावाचा, बरं का.

१९२१ च्या डिसेंबरात लढा पुन्हा पेटला. धरपकड झाली, माणसं तुरुंगात गेली. पण हळूहळू लढ्याचा जोर ओसरला. त्याचं मोठं कारण ऐका. खोऱ्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती. ती कसणारे मावळे नुसते कुळं होते. कंपनीचे पैसे मिळणार ते मालकाला. सावकार नुकसानभरपाईला राजी झाले आणि कसणाऱ्याच्या हातातला जोर गेला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामावरची आगगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. गावकरी काही डोंगराच्या अंगाला वर सरकले, काही पोटासाठी शहराकडे गेले.

दोन प्रश्न, दोन विचार

आता जरा थांबा आणि न्यायाधीश व्हा. चूक कुणाची? मुंबईला वीज नको होती का? हवीच होती. गिरणीत काम करणारे हजारो कामगारसुद्धा याच सह्याद्रीच्या दोन्ही अंगांहून आलेले गरीब लोक होते. मग मुळशीकरांचं म्हणणं चूक होतं का? तेही नाही.

अशा पेचातून वाट काढण्यासाठी जगात अनेक विचार पुढे आले. त्यांतल्या दोघांची ओळख करून घेऊ.

पहिला विचार म्हणजे सामाजिक लोकशाही किंवा लोकशाही समाजवाद. दोन्हींत अभ्यासक थोडा फरक करतात, पण दोन्ही एकाच घरातले. हा विचार एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कामगार चळवळीत वाढला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कारखाने चालू देत, व्यापार चालू दे, पण त्यातून येणारी संपत्ती मूठभरांच्या तिजोरीत अडकू नये. सरकारने कर घ्यावा आणि त्यातून सगळ्यांना शाळा, दवाखाना, म्हातारपणी निवृत्तिवेतन द्यावं. आणि हे घडवायचं ते बंदुकीने नव्हे, मतपेटीने. स्वीडनचे पुढारी पेर आल्बिन हान्सन यांनी १९२८ साली म्हटलं की देश हा ‘लोकांचं घर’ असावा. चांगल्या घरात एक भाऊ लाडका आणि दुसरा दोडका असं नसतं ना, तसंच.

दुसरा विचार म्हणजे हरित राजकारण. याचा जन्म कसा झाला, सांगू? धरणावरूनच! ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया नावाचं बेट आहे. तिथे विजेसाठी धरणं बांधून पेडर नावाचं सुंदर सरोवर बुडवायचं ठरलं. त्याला विरोध करणारे लोक १९७२ साली एकत्र आले आणि त्यांनी ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ हा पक्ष काढला. जगातला पहिला हरित पक्ष म्हणून तो ओळखला जातो. सरोवर काही वाचलं नाही, पण विचार पसरला. १९८० साली जर्मनीत हरित पक्ष निघाला आणि १९८३ साली त्याचे लोक संसदेत जाऊन बसले. त्यांच्या विचाराचे चार खांब होते: निसर्गाचं भान, सामाजिक न्याय, तळातल्या माणसापासून सुरू होणारी लोकशाही आणि अहिंसा.

पहिला विचार विचारतो, ‘भाकरीची वाटणी नीट झाली का?’ दुसरा विचारतो, ‘भाकरी मोठी करता करता शेतच तर संपत नाही ना?’

मुळशीच्या मावळ्यांना ही नावं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. टास्मानियाचा पक्ष निघाला तो त्यांच्या सत्याग्रहानंतर पन्नास वर्षांनी! पण हे दोन्ही प्रश्न मुळशीत हजर होते.

दोन भाऊ भांडतात तेव्हा

हे दोन विचार एकमेकांचे भाऊ वाटतात, पण भावांचीही भांडणं होतातच की. नॉर्वेची गोष्ट घ्या. तिथे सामाजिक लोकशाही मानणाऱ्या मजूर पक्षाचं सरकार होतं. त्याने आल्टा नदीवर विजेसाठी धरण बांधायचं ठरवलं. त्या भागात रेनडिअर पाळणारे सामी आदिवासी राहतात. त्यांनी आणि निसर्गप्रेमींनी कडाडून विरोध केला. १९७९ साली सामी तरुणांनी राजधानी ऑस्लोत उपोषण केलं. १९८१ साली पोलिसांनी शेकडो निदर्शकांना उचलून नेलं. धरण झालंच. पण त्या लढ्यामुळे सामींचे हक्क देशाला मान्य करावे लागले आणि १९८९ साली त्यांची स्वतःची संसद सुरू झाली.

सरकार म्हणत होतं, ‘वीज आली की कारखाने येतील, लोकांना काम मिळेल.’ विरोधक म्हणत होते, ‘नदी एकदा गेली की परत येत नाही.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, नाही का?

त्याच मजूर पक्षाच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड या नॉर्वेच्या पहिल्या महिला पंतप्रधान. पुढे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९८७ साली आयोगाने अहवाल दिला आणि त्यामुळे ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर पोचला. आजच्या गरजा भागवा, पण तुमच्या नातवंडांच्या गरजांना धक्का लावू नका, असा त्याचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्रात काय झालं?

आपल्याकडेही या विचारांची मुळं खोल आहेत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी अशी तरुण मंडळी होती. तिथल्या चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, तेव्हा वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली रोजगार हमी योजना हजारो घरांचा आधार ठरली. १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, ही सरकारची जबाबदारी ठरली. २००५ साली देशभरासाठी असाच कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता.

आणि धरणं? ती तर कोयना, उजनी, जायकवाडी अशी बांधली जातच होती. गावं उठत होती. मग बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी धरणग्रस्तांना एकत्र केलं. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा गावोगाव घुमली. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला.

पण मुळशीकरांवर वापरलेला १८९४ चा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं तसाच चालू राहिला! २०१३ साली संसदेने नवा कायदा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. खाजगी कंपनीसाठी सरकारला जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्के लोकांची संमती हवी, असं त्यात लिहिलं. लोकांच्या जगण्यावर काय परिणाम होईल, त्याचा आधी अभ्यास करायचा असंही ठरलं. नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा हिशोब करताना कुळांचा आणि शेतमजुरांचाही विचार आला. मुळशीत याच माणसांचा कुणी विचार केला नव्हता, आठवतं ना? कायदा कागदावर आला म्हणजे न्याय घरी पोचला असं होत नाही, त्यासाठी लोकांना जागं राहावं लागतं. पण नुसतं ‘आम्हाला विचारा’ एवढं म्हणण्याचा हक्क कायद्यात यायलाही नव्वदांहून जास्त वर्षं लागली.

आता शेवटचा पेच

एक अवघड गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. कोळसा जाळला की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पृथ्वी तापते, हे तुम्ही शाळेत शिकता. भिऱ्याची वीज कोळशाविना तयार होते. म्हणजे ज्या धरणाने गावं बुडवली, तेच धरण आज धुराशिवाय वीज देतं! मग त्याला हिरवं म्हणायचं की नाही? खुद्द हरित विचाराच्या लोकांतही धरणांबद्दल एकमत नाही. उद्या तुमच्या तालुक्यात सौर प्रकल्पासाठी किंवा पवनचक्क्यांसाठी जमीन घ्यायचं ठरलं, तर हाच पेच पुन्हा उभा राहील. जमीन कुणाची जाणार, वीज कुणाला मिळणार आणि हे ठरवताना कुणाला विचारणार?

तेव्हा एक काम करा. आई-बाबांच्या मदतीने घरातलं विजेचं बिल पाहा आणि तुमच्या गावाला वीज कुठून येते, पाणी कुठल्या धरणातून येतं, ते शोधा. ते धरण बांधताना कुठली गावं उठली आणि ते लोक आज कुठे आहेत, हे आजी-आजोबांना विचारा. मग वर्गात दोन गट करा. एक गट मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बाजूने बोलेल, दुसरा मुळशीच्या मावळ्यांच्या बाजूने. पण एक अट आहे बरं का: अर्धा तास झाला की गटांनी बाजू बदलायच्या!

तुमच्या वर्गाने काय निवाडा दिला, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.