सामाजिक चौकशी अहवाल आणि बालकल्याणाचे बदलते धोरण

बालकल्याणाच्या क्षेत्रात व्यक्तिसहाय्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे २०१५ नंतर कायदा, नियम, दुरुस्त्या व मार्गदर्शक सूचना यांची एक दीर्घ मालिका आली आहे. समाजकार्याचा विद्यार्थी बहुधा ही मालिका क्रमवार सांगू शकतो. कोणते कलम बदलले, कोणता अधिकार कोणाकडे गेला, कोणत्या योजनेला कोणते नाव मिळाले, हे त्याला ठाऊक असते. परंतु या सर्व बदलांचा भार अखेरीस नेमका कोणत्या कामावर येऊन पडतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हा भार मुख्यतः सामाजिक चौकशी अहवालावर पडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. तो अहवाल कच्चा राहिला, तर धोरण कितीही उदार असले तरी मूल विनाकारण घरापासून तुटते.

१. पूर्वपीठिका

मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ मध्ये झाला. त्यानंतर १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये याच शहरात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू होऊन समाजकार्याच्या पद्धतशीर शिक्षणास आरंभ झाला. त्या काळच्या व्यवस्थेचा मध्यबिंदू संस्था हा होता. निराधार किंवा भटकणारे मूल सुरक्षित छपराखाली आणणे हेच संरक्षण, अशी सर्वसाधारण समजूत होती.

१९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने राज्याराज्यांतील निरनिराळे कायदे मागे सारून एक केंद्रीय कायदा आणला. त्यात अशा मुलांसाठी ‘उपेक्षित बालक’ ही संज्ञा होती. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कविषयक करार स्वीकारला आणि २००० च्या अधिनियमात ही संज्ञा जाऊन ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ही संज्ञा आली. हा केवळ शब्दांचा फेर नव्हे. ‘उपेक्षित’ म्हटले की उपेक्षा करणारा कोणीतरी गृहीत धरला जातो आणि चौकशीचे तोंड दोषाकडे वळते. ‘गरज’ म्हटले की ती कोणती, ती कशी भागेल आणि कोण भागवील, असे प्रश्न उभे राहतात. संज्ञा बदलली, चौकशीची सवय मात्र तितक्या त्वरेने बदललेली नाही.

२. २०१५ चा अधिनियम

१५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या, २०१५ च्या बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात सोळा मूलभूत तत्त्वे दिली आहेत. मुलाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची आहे, हे त्यांपैकी एक. मुलाला संस्थेत ठेवणे हा वाजवी चौकशीनंतर योजावयाचा शेवटचा उपाय आहे, हे दुसरे. या दुसऱ्या तत्त्वातील ‘वाजवी चौकशीनंतर’ हे शब्द अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावेत. चौकशीच झाली नसेल, तर शेवटचा उपाय हा प्रत्यक्षात पहिलाच उपाय ठरतो.

कार्यपद्धतीही कायद्याने आखून दिली आहे. सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावयाचे असते. छत्तिसाव्या कलमानुसार सामाजिक चौकशी १५ दिवसांत पूर्ण व्हावयास हवी, म्हणजे मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत समितीला अंतिम आदेश देता येतो. २०१६ च्या आदर्श नियमांत या अहवालाचा विहित नमुना आहे आणि प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा तयार करण्याची तरतूदही आहे. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. परंतु मुलाचे घर त्यांनी पाहिलेले नसते. ते त्यांना दिसते ते कार्यकर्त्याच्या अहवालातूनच.

३. त्यानंतरचे बदल

२०२१ चा दुरुस्ती अधिनियम १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. दत्तकविधानाचा आदेश देण्याचे न्यायालयाकडील काम त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले आणि जिल्ह्यातील बालसंरक्षणाच्या यंत्रणेवरील त्यांची देखरेख अधिक दृढ केली. कार्यकर्त्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, त्याचे लेखन आता अधिक प्रमाणात प्रशासकीय दृष्टीने वाचले जाईल. प्रशासन सामान्यतः मुदत पाळली गेली काय, हे प्रथम पाहते. मुदत महत्त्वाची आहेच. परंतु पंधराव्या दिवशी दाखल झालेला पोकळ अहवालही नोंदवहीत ‘पूर्ण’ म्हणूनच गणला जातो, हा धोका ओळखला पाहिजे.

२०२२ च्या मिशन वात्सल्य मार्गदर्शक सूचनांनी संस्थाबाह्य काळजीला आर्थिक आधार दिला. प्रायोजकत्वाखाली दर मुलामागे दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले आणि त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० रुपये व अन्यत्र ९६,००० रुपये ठेवण्यात आली. महाराष्ट्रात राज्य शासनाची बालसंगोपन योजना हेच तत्त्व आधीपासून राबवीत होती. प्रतिपालकत्वाविषयीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना २०२४ मध्ये सुधारण्यात आल्या आणि पूर्वी विवाहित दांपत्यापुरते मर्यादित असलेले हे दायित्व एकट्या व्यक्तीसही स्वीकारता येऊ लागले. सारांश, संस्थेखेरीज अन्य पर्याय नाहीत, ही जुनी सबब आता पूर्वीइतकी टिकणारी नाही.

४. एक कल्पित उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. पश्चिम महाराष्ट्रातील एका बसस्थानकावर आठ वर्षांचा मुलगा एकटा सापडतो. आईवडील मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी आलेले असून त्यांचा मुक्काम फडाजवळच्या कोपीवर आहे. पहिला कार्यकर्ता लिहितो : ‘घर कच्चे. पालक दिवसभर बाहेर. शाळा बंद. पालक निष्काळजी. बालगृहात ठेवणे योग्य.’ यातील पहिल्या तीन नोंदी खऱ्या आहेत. चौथे वाक्य मात्र नोंद नव्हे. तो निर्णय आहे, आणि पाचवे वाक्य त्याच निर्णयावर उभे आहे.

दुसरा कार्यकर्ता कोपीवर जाऊन आईवडिलांशी बोलतो; मुलाशीही स्वतंत्रपणे बोलतो. मुलगा गावाकडच्या आजीकडे जाण्यासाठी निघाला होता, असे त्याला कळते. आजी त्याला सांभाळण्यास तयार आहे; अडचण खर्चाची आहे. गावच्या शाळेत त्याचे नाव अद्याप पटावर आहे. हंगामी वसतिगृहाची सोय आहे काय, प्रायोजकत्वासाठी कुटुंब पात्र ठरते काय, याची तो चौकशी करतो. मग मुलाला आजीकडे ठेवावे, साहाय्य मंजूर व्हावे आणि ठरावीक काळाने गृहभेट व्हावी, अशी शिफारस तो करतो. दोघांपुढील परिस्थिती एकच होती. पहिल्याने दारिद्र्याला निष्काळजीपणा म्हटले. दुसऱ्याने ते दारिद्र्य म्हणूनच नोंदविले.

याचा अर्थ कुटुंब सदैव सुरक्षित असते, असा मात्र नव्हे. घरातच मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल, तर ‘कुटुंब प्रथम’ या तत्त्वाचा यांत्रिक वापर मुलाला पुन्हा संकटात लोटील. म्हणूनच मुलाशी स्वतंत्रपणे बोलणे हा शिष्टाचाराचा भाग नसून चौकशीचा गाभा आहे.

५. अहवालाच्या कसोट्या

वरील विवेचनावरून कार्यकर्त्याने आपल्या अहवालास लावावयाच्या चार कसोट्या निघतात. पहिली, प्रत्यक्ष पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतः अनुमानिलेले, या तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या आहेत काय? दुसरी, मुलाचे म्हणणे शक्यतो त्याच्याच शब्दांत आले आहे काय? तिसरी, आजी, मामा, काका यांसारख्या नातलगांचा शोध घेतला काय, आणि ते अयोग्य ठरले असल्यास का, हे नमूद आहे काय? चौथी, संस्थेची शिफारस करताना अन्य प्रत्येक पर्याय कोणत्या कारणाने नाकारला, हे लिहिले आहे काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्यात नाही, तो अहवाल कायद्याला अभिप्रेत असलेली वाजवी चौकशी ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी बालगृहांविषयीच्या प्रकरणात दिलेल्या निर्णयात वैयक्तिक काळजी आराखड्यांवर भर दिला होता. ते भरण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्या कार्यकर्त्यांवर अनेक प्रकरणांचा ताण असतो आणि प्रवासाची साधने अपुरी असतात, हे मान्य केलेच पाहिजे. धोरणकर्त्यांनी मुदती ठरविताना या ताणाचाही हिशेब करावयास हवा. तथापि, नव्या तरतुदी शिकविताना विभागांनी कलमांच्या जोडीने गृहभेट व अहवाललेखन यांचा सराव घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये. कलमे पुन्हा बदलतील. समितीपुढे उभ्या असलेल्या मुलाचे घर कागदावर खरेपणाने उतरविण्याची गरज मात्र बदलणार नाही.