स्वाहिली शहरं बांधली कोणी?

गैरसमज: केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावरची जुनी शहरं अरब आणि इराण्यांनी वसवली, आफ्रिकी माणसं तिथं फक्त राबली.

वस्तुस्थिती: वसाहतकाळातल्या गोऱ्या अंमलदारांना हे सोयीचं होतं. पोवळ्याच्या दगडातल्या मशिदी पाहून त्यांनी निकाल देऊन टाकला. पुढे उत्खननात तळाशी स्थानिकांच्याच वस्त्या निघाल्या, तेव्हा बरेच अभ्यासक दुसऱ्या टोकाला गेले. याच किनाऱ्यावरच्या किल्वा शहराच्या बखरीत इराणमधल्या शिराझहून आलेल्या राजपुत्रांची कथा आहे. ती म्हणे निव्वळ बडेजावासाठी रचलेली.

२०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानं दोघांचीही पंचाईत केली. त्यात इ. स. १२५० ते १८०० या काळातल्या ८० जणांच्या अवशेषांतला डीएनए तपासला होता. मायटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो, वाय गुणसूत्र बापाकडून. त्यामुळे कोणत्या बाजूनं काय आलं हे वेगळं काढता येतं. किनाऱ्यावरच्या अनेकांचा निम्म्याहून जास्त वारसा आफ्रिकी निघाला, तोही मुख्यतः स्त्रियांकडून आलेला. आशियाई वारशातला मोठा भाग इराणी पुरुषांचा, थोडा भारतीय. ही सरमिसळ इ. स. १०००च्या सुमारास सुरू झाली होती. म्हणजे बखर अगदीच थापा मारत नव्हती! पण वस्त्या त्याआधीच्या, आणि स्वाहिली भाषाही बांटू या आफ्रिकी कुळातलीच राहिली. बापाची फारसी मुलांच्या तोंडी रुळली नाही. एक मात्र ध्यानात ठेवायला हवं: तपासलेल्या बहुतेक कबरी प्रतिष्ठितांच्या होत्या. त्यावरून साध्या कोळ्याचं कूळ सांगता येत नाही.

गैरसमज: आफ्रिकेच्या उष्ण हवेत डीएनए टिकतच नाही.

वस्तुस्थिती: बहुतेकदा नाहीच टिकत. पण आतल्या कानाभोवतीचं हाड इतकं घट्ट असतं, की त्यात तो तग धरतो. इथिओपियातल्या मोटा गुहेत पुरलेल्या, सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा जनुकसंच त्यातूनच मिळाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. युरेशियातून परतलेल्यांचा वारसा साऱ्या आफ्रिकेत पसरलाय, असंही त्या शोधनिबंधात म्हटलं होतं. ती संगणकावरच्या विश्लेषणातली चूक निघाली आणि काही महिन्यांतच लेखकांनी स्वतः ती दुरुस्त केली. पूर्व आफ्रिकेत तो वारसा आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेबद्दलचं विधान मागे घ्यावं लागलं.

गैरसमज: ज्यांची हाडं जिथं सापडली, ते तिथल्याच आजच्या लोकांचे पूर्वज.

वस्तुस्थिती: कॅमेरूनमधला शुम लाका हा खडकाचा आडोसा बांटू भाषांच्या उगमाच्या प्रदेशात आहे. तिथल्या सुमारे ८००० आणि ३००० वर्षांपूर्वीच्या चार मुलांच्या डीएनएचं सर्वांत जास्त साधर्म्य निघालं ते मध्य आफ्रिकेतल्या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या समूहांशी. बांटू बोलणाऱ्यांशी नव्हे.