बेरियमच्या एक्स-रेमध्ये नेमकं दिसतं काय?

आमच्या आसेगावकडे घास खाली उतरेना झाला की माणूस आधी वर पाण्याचा घोट घेतो, मग भाकरी सोडून पातळ खायला लागतो. दवाखान्याचा नंबर सगळ्यात शेवटी. तिथे कधी कधी चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: 'बेरियम स्वॅलो'. रात्रीपासून उपाशी राहायचं, चुन्याच्या निवळीपेक्षा बरंच दाट असं पांढरं औषध प्यायचं आणि एक्स-रे काढायचा. ही तपासणी नीट समजून घेतली तर संशोधनातला एक मोठा धडा मिळतो.

बेरियमच का?

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कारण त्यात कॅल्शियम असतं (अणुक्रमांक २०). अन्ननलिका आणि जठर मात्र आजूबाजूच्या मांसासारखेच कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजनचे बनलेले. त्यामुळे सगळं एकाच राखाडी रंगात मिसळून जातं. बेरियमचा अणुक्रमांक ५६, ऑक्सिजनचा ८. म्हणजे सातपट. प्रकाशविद्युत शोषण साधारणपणे अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ७ चा घन ३४३! प्रत्यक्ष आकडा किरणांच्या ऊर्जेनुसार बदलतो, पण बेरियम इतकं ठळक का दिसतं हे यावरून कळतं.

विष पोटात कसं चालतं?

बेरियमचा विद्राव्य क्षार विषारी असतो. तो रक्तात गेला की पोटॅशियमचं गणित बिघडतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते. बेरियम सल्फेट मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतं, त्यामुळे ते शौचावाटे तसंच बाहेर पडतं. बेरियम कार्बोनेटही पाण्यात फारसं विरघळत नाही, पण जठरातल्या आम्लात विरघळतं. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये तपासणीसाठी दिलेल्या बेरियम सल्फेटमध्ये कार्बोनेट मिसळलेलं निघालं आणि अनेक रुग्ण दगावले. 'अविद्राव्य' हा शब्द वाचला की 'कशात?' हे विचारायचं, ते यासाठी.

चित्र कोणाचं?

आता मुख्य मुद्दा. एक्स-रेवर दिसणारा पांढरा आकार जठराचा नसतो, जठरातल्या बेरियमचा असतो. साच्यात ओतलेल्या प्लास्टरवरून साचा ओळखावा, तसं आपण आतल्या पोकळीवरून भिंतीबद्दल अनुमान काढतो. भिंतीत व्रणाचा खड्डा असेल तर त्यात बेरियम साचून बाहेर उंचवटा दिसतो. गाठ आत वाढलेली असेल तर तेवढी जागा रिकामी दिसते. पण अन्नाचा कण राहिला असेल तरी जागा रिकामीच दिसणार! म्हणून तर उपाशीपोटी बोलावतात. वायू तयार करणारी पावडर दिली की जठर फुगतं, बेरियमचा पातळ थर भिंतीला चिकटतो आणि बारीक घड्या दिसतात.

मग एंडोस्कोपी असताना हे कशाला?

एंडोस्कोपीत भिंत थेट दिसते आणि तुकडाही काढता येतो. तंबाखू किंवा खर्रा खाणाऱ्याचा घास अडकू लागला, तर फक्त बेरियमचा फोटो 'बरा' आला म्हणून थांबून चालत नाही. कर्करोगाचं निदान त्या तुकड्याच्या तपासणीवरच पक्कं होतं.

पण घास उतरतो कसा, ही हालचाल बेरियम छान दाखवतं. अचलासिया या आजारात अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल होत नाही. चित्रात ते पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं. रुग्णाला उभं ठेवून, बेरियम प्यायल्यावर १, २ आणि ५ मिनिटांनी फोटो काढतात आणि उरलेल्या स्तंभाची उंची मोजतात. उपचारानंतर पुन्हा तसंच. तुलना खरी ठरायची तर बेरियमचं प्रमाण, दाटपणा आणि रुग्णाची स्थिती दोन्ही वेळी सारखीच हवी.

आणि आतड्याला किंवा अन्ननलिकेला छिद्र पडल्याची शंका असेल तर सहसा बेरियम आधी देत नाहीत. ते बाहेर सांडलं तर तीव्र दाह होतो. म्हणून पाण्यात विरघळणारं आयोडीनयुक्त द्रव्य वापरतात. त्यातलं गॅस्ट्रोग्राफिनसारखं तीव्र द्रव्य ठसका लागून फुफ्फुसात गेलं तर मात्र तेच घातक. इथे 'सगळ्यात चांगलं' द्रव्य नाही. प्रश्न काय आहे त्यावर ते ठरतं.

तुमच्या विषयातला एखादा पेपर आज काढा. त्यातल्या मुख्य आलेखाखाली दोन ओळी लिहा: उपकरणाने प्रत्यक्ष काय मोजलं आणि लेखकांनी त्यावरून काय अनुमान काढलं. या दोन ओळींमधलं अंतर जिथे जास्त, तिथे तुमच्या संशोधनाचा प्रश्न सापडण्याची शक्यता जास्त.