पुढच्या चोवीस तासांचा अंदाज

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम शहरात ब्रोसेट इथे, कडक बंदोबस्तातल्या मनोरुग्णांसाठी १९९०च्या दशकात एक तपासयादी तयार झाली. नर्सने दर पाळीला सहाच गोष्टी पाहायच्या: गोंधळलेपण, चिडचिड, दांडगाई, तोंडी धमक्या, अंगावर धावून जाण्याचा पवित्रा आणि वस्तूंची आदळआपट. दिसलं तर १, नाही तर ०. बेरीज ३ किंवा जास्त झाली, की पुढच्या चोवीस तासांत हिंसेचा धोका मोठा.

खरी मेख पुढेच आहे. रुग्ण एरवीही गोंधळलेलाच असेल, तर त्याबद्दल गुण द्यायचा नाही. नेहमीपेक्षा गोंधळ वाढला तरच द्यायचा. कागद कुणीही भरेल, पण ‘आज याचं काहीतरी बिनसलंय’ हे रोज त्याच्या हातावर गोळ्या ठेवणाऱ्या नर्सलाच कळतं. आणि धोका दिसला म्हणून लगेच बांधून घालायचं नसतं. आधी बोलणं, शांत खोली, गरज पडली तर औषध.

स्वित्झर्लंडमध्ये १४ मनोरुग्ण वॉर्डांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले. यादी वापरणाऱ्या वॉर्डांत गंभीर हल्ले ४१ टक्क्यांनी घटले, सक्तीचे उपाय २७ टक्क्यांनी. मला दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो.