यंत्राच्या सोबतीनें गाणारा गळा

यंत्रानें केलेलें संगीत म्हटलें कीं माझ्या वयाच्या बहुतेक मंडळींच्या कपाळावर आठी पडते. मीहि त्यांतलाच एक. 'यंत्राला काळीज नसतें, म्हणून त्याला गाणें नसतें', असें मीं वर्गांत मुलांना अनेकदां ठासून सांगितलेलें आहे. तें मत मला कां बदलावें लागलें, हें आज एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेच्या आधारें सांगावयाचें आहे.

या ध्वनिमुद्रिकेचें नांव 'टेंडर बटन्स'. गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेच्या १९१४ सालच्या पुस्तकावरून तें घेतलेलें आहे. तींत १४ गाणीं असून ती २००५ मध्यें निघाली. तिचे कर्ते म्हणजे बर्मिंगहॅम शहरांतील एक जोडपें : गायिका ट्रिश कीनन आणि तिचा सहचर, ध्वनियोजक जेम्स कारगिल. त्यांच्या वाद्यवृंदाचें नांव 'ब्रॉडकास्ट', म्हणजे आपल्या भाषेंत प्रक्षेपण. तेव्हां नभोवाणीवरून त्यांची ओळख करून देणें अगदींच अप्रस्तुत ठरूं नये.

नभोवाणीचें त्यांच्यावर ऋणहि आहे. १९५८ सालीं बी.बी.सी.नें 'रेडिओफोनिक वर्कशॉप' नांवाची एक ध्वनिशाळा काढली. नभोनाट्यांना लागणारे चमत्कारिक आवाज तेथें तयार होत. विजेच्या उपकरणांतून काढलेले स्वर टेपवर घ्यावयाचे, ती टेप कापावयाची, तुकडे उलटे किंवा कमीअधिक वेगानें वाजवावयाचे आणि पुन्हां जोडावयाचे, असें तें चिकाटीचें काम असे. 'डॉक्टर हू' या दूरचित्रवाणी मालिकेसाठीं रॉन ग्रेनर यांनीं रचलेली सुरावट १९६३ मध्यें डेलिया डर्बीशायर या बाईंनीं याच रीतीनें मूर्त केली. त्या शाळेची छाया ब्रॉडकास्टच्या संगीतावर स्पष्ट दिसते.

१९९५ च्या सुमारास हा वाद्यवृंद सुरू झाला, तेव्हां त्यांत अधिक मंडळी होती. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या वेळीं मात्र हीं दोघेंच उरलीं. तालवादक नाहीं, म्हणून तालाचें काम यंत्राकडे आलें. मोठ्या घरांतील माणसें पांगावीं आणि दोघांनींच संसार नव्यानें मांडावा, तसा हा प्रकार. भांडीं थोडीं, पण प्रत्येकाचा आवाज स्वच्छ ऐकूं येतो. यंत्राची घरघर, खरखर, एकसुरी ठोके, हें कांहींच त्यांनीं झांकलेलें नाहीं.

आणि या खरखरींतून ट्रिशचा आवाज येतो. त्यांत कंप नाहीं, तान नाहीं, आळवणी नाहीं. एखाद्या मुलीनें खिडकीशीं बसून स्वतःशींच गुणगुणावें, इतका तो साधा आहे. शब्दांसाठीं तिनें स्वयंलेखनाची रीत वापरली. मनाला लगाम न घालतां हात लिहील तें लिहूं द्यावयाचें आणि मागाहून त्यांतून निवड करावयाची, अशी ती रीत. त्यामुळें ओळींचा सरळ अन्वय लागत नाहीं. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मला प्रथम तें खटकलें. मग ध्यानांत आलें कीं, स्वप्नाचाहि अन्वय लागत नाहीं. स्वप्नांत माणूस ओळखीचें असतें, जागा अनोळखी असते. येथें तसेंच आहे : जागा यंत्रानें बांधलेली, आणि तींत भेटणारें माणूस आपलें. ही ध्वनिमुद्रिका स्वप्नवत् वाटते ती यामुळें. यंत्र इतकें कोरडें नसतें, तर त्या आवाजाची ऊब इतकी जाणवली नसती.

पुढची हकीकत दुःखाची आहे. ऑस्ट्रेलियाचा दौरा करून परतल्यावर ट्रिश आजारी पडली आणि १४ जानेवारी २०११ रोजीं न्यूमोनियानें वारली. वय अवघें ४२ वर्षांचें. तिच्यामागें तिनें ध्वनिमुद्रित करून ठेवलेले गाण्यांचे कच्चे खर्डे राहिले. त्यांतून निघालेले दोन संग्रह, 'स्पेल ब्लँकेट' आणि 'डिस्टंट कॉल', २०२४ मध्यें प्रसिद्ध झाले.

गेलेल्या माणसाचें अपुरें काम लोकांपुढें मांडावें काय, हा प्रश्न मला पडला. शिक्षक या नात्यानें मला एवढेंच ठाऊक आहे कीं, मुलाची पक्की वही आपल्याला गुण देण्यापुरती कामाची. त्याचें मन पाहावयाचें तर कच्ची वही उघडावी लागते. खोडलेली ओळ, समासांतलें चित्र, अर्धवट सोडलेलें गणित, यांत तें मूल असतें. पण ती वही उघडणारा हात मायेचा हवा. येथें तो तिच्या सहचराचा होता, म्हणून माझें मन निवळलें.

यंत्राला काळीज नसतें, हें मी आजहि म्हणतों. परंतु दुसऱ्याच्या काळजांतलें तें जपून ठेवूं शकतें, आणि ठेवणारा जिव्हाळ्याचा असेल तर परतहि देऊं शकतें. श्रोतेहो, माझाहि आवाज या घटकेला यंत्रांतूनच आपल्या घरांत आलेला आहे. तो परका वाटला नसेल, तर माझें म्हणणें आपणांस पटलें असें मी समजतों.