वेष्टनातील हवा आणि मासळीचा टिकाऊपणा

देवगड बंदरात उतरलेला बांगडा दूरच्या बाजारपेठेत ताजा पोहोचावा, यासाठी बर्फ हाच मुख्य आधार होय. परंतु बर्फातही मासळी कालांतराने नासते. कारण थंडीतही वाढणारे काही जीवाणू हवेतील प्राणवायूवर पोसले जातात व त्यांच्यामुळे मासळीस दुर्गंधी येते. शिवाय बांगड्यासारख्या तेलकट मासळीतील चरबी प्राणवायूच्या संपर्काने खवट होते.

नेहमीच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के, तर कार्बन डायऑक्साइड अवघा ०.०४ टक्के असतो. वेष्टनातील ही हवा काढून तेलकट मासळीसाठी साधारणतः ६० टक्के कार्बन डायऑक्साइड व ४० टक्के नत्रवायू भरतात. कार्बन डायऑक्साइड मासळीतील ओलाव्यात विरघळून जीवाणूंची वाढ मंदावतो. तो विरघळल्याने वेष्टन आत चेपू नये, म्हणून नत्रवायूची योजना असते. थंडी जितकी अधिक, तितका कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो. म्हणजेच ही पद्धत शीतकरणाला पर्याय नसून पूरक आहे.

येथे एक धोका ध्यानी घ्यावयास हवा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू प्राणवायूवाचून वाढतो. त्याचे काही प्रकार सुमारे ३ अंश सेल्सिअसच्या वर प्राणघातक विष निर्माण करू शकतात, आणि तेही दुर्गंधीची सूचना मिळण्यापूर्वी! म्हणून अशी वेष्टित मासळी अखेरपर्यंत ३ अंशांखालीच ठेवली पाहिजे.

नौकेवर वेळीच बर्फ न मिळालेली मासळी कोणताही वायू पुन्हा ताजी करू शकत नाही. ही साधी गोष्ट शाळेत, ग्रामसभेत आणि बंदरावर आवर्जून सांगितली जावी.